संस्थेचे संकेतस्थळ : जागा निवडताना पाहावयाच्या गोष्टी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे भरूनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हा इतिहास आपल्या समाजाला ठाऊक आहे. त्यानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे निघाली. या प्रवासात ‘भारतभूषण प्रिंटिंग प्रेस’ हा चळवळीचा स्वतःचा छापखानाही उभा राहिला. आपले म्हणणे मांडण्यासाठी लेखणी लागते. परंतु ते लोकांपर्यंत अखंड पोहोचावे यासाठी छपाईचे साधन आपल्या ताब्यात असावे लागते, हा त्या प्रवासातील धडा आम्ही इतिहासाच्या वर्गात विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आज हाच प्रश्न संकेतस्थळाच्या रूपाने आपल्या संस्थांपुढे उभा आहे. निवासी शाळा, बुद्धविहार, वाचनालये, माजी विद्यार्थी संघ अशी छोटी संकेतस्थळे ठिकठिकाणी सुरू होत आहेत. उद्घाटन थाटात होते. मात्र दोन-तीन वर्षांत त्यांतील काही बंद पडतात, आणि काहींच्या नावावर भलत्याच जाहिराती झळकू लागतात. याचे कारण बहुधा तांत्रिक नसते. जागा कोणाची, नाव कोणाचे आणि चावी कोणाकडे, हे आरंभी कोणी विचारलेले नसते. या लेखात आम्ही त्या प्रश्नांची क्रमाने मांडणी करीत आहोत.

१. नाव आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

संकेतस्थळाला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे डोमेन, अर्थात पत्ता म्हणून वापरावयाचे नाव. दुसरी म्हणजे होस्टिंग, अर्थात आपली पाने, छायाचित्रे व ध्वनिफिती जेथे ठेवल्या जातात त्या सर्व्हरवरील भाड्याची जागा. घराची पाटी आणि घराची जमीन यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. जमीन बदलली तरी पाटी आपलीच राहू शकते. पाटीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर मात्र सारेच परस्वाधीन होते.

‘डॉट इन’ या भारतीय नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा पत्ता २०१४ पासून उपलब्ध आहे. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांसाठी ‘डॉट एज्यु डॉट इन’ हा पत्ता राखीव असून त्याची नोंदणी अर्नेट इंडिया या शासकीय संस्थेमार्फत होते. तेथे कागदपत्रे तपासूनच नाव दिले जात असल्याने शाळेसाठी हा पत्ता अधिक विश्वासार्ह ठरतो.

नोंदणी करताना मालक म्हणून संस्थेचेच नाव लिहिले जावे. ईमेल संस्थेचा असावा. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याचा किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्या तरुणाचा नसावा. ओटीपी ज्या भ्रमणध्वनीवर येतो तो क्रमांकही संस्थेचाच असावा. संस्थेचा ईमेल संस्थेच्याच डोमेनवर असेल, तर डोमेन बंद पडताच नूतनीकरणाची सूचना देणारा ईमेलही बंद पडतो. म्हणून या कामासाठी स्वतंत्र ईमेल ठेवावा. ‘डॉट कॉम’सारख्या नावांची मुदत उलटून ती रद्द झाली, तर जादा शुल्क भरून सोडवून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते. वर्षानुवर्षे लोकांच्या ओळखीचे झालेले नाव असे एका चुकलेल्या तारखेने परक्याच्या हाती जाते.

२. ‘स्थानिक’ या शब्दाचे तीन अर्थ

होस्टिंग स्थानिक असावे, असे पुष्कळदा सुचविले जाते. या एका शब्दात तीन वेगवेगळे अर्थ मिसळलेले असतात. ते सुटे करून पाहिले पाहिजेत.

पहिला अर्थ सर्व्हरच्या जागेचा. मुंबई आणि नवी मुंबई हे देशातील डेटा सेंटरचे सर्वांत मोठे केंद्र आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे हजार किलोमीटरसाठी एका बाजूने ५ मिलिसेकंद पुरतात. अमेरिकेतील सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास मात्र बहुधा २०० मिलिसेकंदांहून अधिक लागतात. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. खेड्यातील पालक साध्या भ्रमणध्वनीवरून निकाल पाहतो, तेव्हा हा फरक जाणवतो. आपले बहुतेक वाचक महाराष्ट्रातील असतील, तर सर्व्हर भारतात असणे हिताचे.

दुसरा अर्थ कंपनीचा. कंपनी भारतात नोंदलेली असेल तर जीएसटीचे रीतसर बिल मिळते, जे विश्वस्त संस्थेच्या लेखापरीक्षणाला लागते; आणि वाद झाल्यास दाद मागणे सोपे जाते. परंतु कंपनी भारतीय असली म्हणजे सर्व्हर भारतातच असेल, असे नाही; आणि परदेशी कंपनीचा सर्व्हर मुंबईत असू शकतो. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

तिसरा अर्थ माणसाचा. तालुक्याच्या गावी होस्टिंग देणारा व्यावसायिक बहुधा ‘रिसेलर’ असतो, म्हणजे मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घेऊन किरकोळीने देतो. यात गैर काही नाही. मराठीतून बोलणारा, हाकेला धावून येणारा माणूस हा छोट्या संस्थेला मोठाच आधार असतो. मात्र त्याच्या मागे कोणती कंपनी आहे, आणि त्याने उद्या व्यवसाय बंद केला तर आपली सामग्री कोणाकडून मिळेल, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

३. आपली गरज आधी मोजावी

दरपत्रकातील मोठे आकडे पाहून दिपून जाऊ नये. समजा, आपल्या संकेतस्थळावर ३०० छायाचित्रे आहेत आणि प्रत्येक ५०० किलोबाइटचे आहे. तर एकूण १५० मेगाबाइट जागा लागली. महिन्याला १,००० वाचक आले, प्रत्येकाने तीन पाने पाहिली आणि प्रत्येक पान २ मेगाबाइटचे असले, तर महिन्याची ये-जा सुमारे ६ गिगाबाइट होते. एवढ्यासाठी सामायिक होस्टिंग पुरते. स्वतंत्र सर्व्हर घेणे म्हणजे दहा मुलांसाठी मंगल कार्यालय भाड्याने घेण्यासारखे आहे. धम्मपरिषदांच्या लांबलचक चित्रफिती अन्यत्र ठेवून संकेतस्थळावर केवळ त्यांचा दुवा द्यावा.

‘अमर्याद’ या शब्दाबाबत सावध असावे. जागा अमर्याद म्हटली तरी फायलींची संख्या, सर्व्हरच्या प्रक्रियाशक्तीचा वापर आणि दर तासाला पाठवावयाचे ईमेल यांवर मर्यादा असतातच; त्या अटींच्या बारीक अक्षरांत सापडतात.

४. दरपत्रक वाचण्याची रीत

पहिल्या वर्षाचा दर हा आमंत्रणाचा दर असतो. खरा दर नूतनीकरणाचा. उदाहरणार्थ, पहिल्या वर्षी १,००० रुपये सांगितले आणि पुढे दरवर्षी ३,६०० रुपये पडणार असतील, तर पाच वर्षांचा खर्च १५,४०० रुपये होतो. दुसऱ्याने आरंभापासून २,४०० रुपये सांगितले, तर पाच वर्षांचे १२,००० होतात. पहिला स्वस्त दिसतो, दुसरा स्वस्त असतो. यावर १८ टक्के जीएसटी धरावा. तुलना नेहमी पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करावी.

सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले जात असतील, तर कारण विचारावे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या ती आपोआप बसवून देतात.

पूर्णपणे फुकट जागेच्या मोहाबद्दलही एक इतिहास सांगणे योग्य होईल. ‘जिओसिटीज’ या विनामूल्य सेवेवर जगभरातील सामान्य माणसांनी लाखो पाने रचली होती. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केली. काही पाने इतरांनी धडपडून जतन केली. पुष्कळ कायमची गेली. जेथे आपण भाडेकरूही नाही, तेथे आपला शब्द चालत नाही.

५. विश्वासार्हतेची परीक्षा

संकेतस्थळ किती काळ सुरू राहील याची हमी टक्क्यांत दिली जाते. ९९ टक्के ऐकावयास उत्तम वाटते. परंतु उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाचे साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास. हमी मोडल्यास भरपाई काय मिळेल, हेही पाहावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न बॅकअपचा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत नष्ट झाली. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांपैकी अनेकांची सामग्री कायमची गेली. म्हणून जाणकार तीन-दोन-एक हा नियम सांगतात : सामग्रीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी. कंपनी रोज बॅकअप घेत असली तरी महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत उतरवून संस्थेच्या कपाटातील हार्डडिस्कवर ठेवावी. वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, हेही पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवीन नाही. मुखपरंपरेने चालत आलेले त्रिपिटक सिंहलद्वीपातील भिक्खुसंघाने इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात लिपिबद्ध केले, ते संकटाच्या काळात धम्मवचन लुप्त होईल या भयाने. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. वसंत मून यांच्या परिश्रमांतून महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रकाशित झाला, तो १९७९ साली. जतनाची जबाबदारी कोणीतरी अंगावर घ्यावी लागते, तेव्हाच वारसा टिकतो.

पैसे भरण्यापूर्वी दोन परीक्षा अवश्य घ्याव्यात. रविवारी सायंकाळी कंपनीच्या मदतकक्षाला फोन करून पाहावा. उत्तर किती वेळात आणि कोणत्या भाषेत मिळते, यावरून पुष्कळ कळते. दुसरी परीक्षा निरोपाची : उद्या आम्हाला दुसरीकडे जावयाचे झाले, तर डोमेन हलविण्याचा संकेतांक आणि सर्व सामग्री विनाशुल्क द्याल का, असे विचारावे. जाण्याचा दरवाजा उघडा ठेवणाऱ्याकडेच राहावयास जावे.

मराठीसाठी एक विशेष सूचना. स्मरणिकांचा जुना मजकूर पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळविलेला असतो. तो तसाच चढविल्यास वाचकाला अगम्य चिन्हे दिसतात आणि शोधल्यास काहीच सापडत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे तपासून घ्यावीत.

६. बालकांची माहिती

निवासी शाळेच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. प्रवेशयादी, जातीचे दाखले, आधार क्रमांक, वसतिगृहाचे वेळापत्रक यांपैकी काहीही संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवू नये, मग ते पान ‘लपविलेले’ का असेना. आपल्या मुलांना जातीच्या कागदाने काय भोगावे लागते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागू नये.

७. अक्षयनीवीचा धडा

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. भिक्खुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज होते. वर्षाचे झाले २४०. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. उरलेल्या १,००० वर दर पाऊण टक्का होता. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि त्याची नोंदही झाली. लेणे खोदण्याबरोबर त्यात राहणाऱ्यांच्या दरवर्षीच्या गरजेची तरतूद करणारी ही दृष्टी आपल्याच परंपरेची आहे.

संकेतस्थळासाठीही असेच करता येईल. वार्षिक खर्च करासह ६,००० रुपये धरला आणि बँकेचे व्याज ६ टक्के मानले, तर एक लाख रुपयांची ठेव पुरते. शंभर माजी विद्यार्थ्यांनी एक-एक हजार रुपये दिले तर एवढी रक्कम उभी राहते. तोवर डोमेन एकदम पाच किंवा दहा वर्षांसाठी नोंदवावे. कंपनीचे नाव, मुदतीच्या तारखा आणि जबाबदार व्यक्तींची नावे कार्यकारिणीच्या ठरावात लिहावीत. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष व सचिव अशा दोघांच्या ताब्यात असावेत आणि पदाधिकारी बदलताच ते बदलावेत. दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी कार्यकारिणीने मुदत आणि बॅकअप या दोन गोष्टी तपासण्याचा प्रघात पाडावा.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या अनेक मुला-मुलींच्या घरात ही स्मरणिका पहिल्या पिढीच्या शिक्षणाचा पुरावा म्हणून ठेवली जाईल. संकेतस्थळाकडेही त्याच गांभीर्याने पाहावे, संगणक जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्याचा भार उचलावा आणि संस्थेने त्याचा ताबा स्वतःकडे ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!