कॅडमियम टेल्युराइड : गुणधर्म आणि दक्षता

धाडसारख्या गावांच्या शिवारांत सौरपंप आले, तसे सौर पॅनेलचे रसायनशास्त्र जाणणे अगत्याचे झाले. बहुतेक पॅनेल सिलिकॉनचे असतात; काहींत मात्र कॅडमियम टेल्युराइडचा पातळ थर असतो.

हे काळसर, स्फटिकी अर्धवाहक संयुग आहे. त्याचा काही मायक्रोमीटर जाडीचा थरही सूर्यप्रकाश उत्तम शोषतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि 1000 अंश सेल्सिअसच्या वर वितळते. म्हणून दोन काचांमध्ये बंद असेपर्यंत ते सहसा निर्धोक असते.

धोका भुकटीत आणि आम्लात आहे. भुकटी श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना, तर शरीरात साचणाऱ्या कॅडमियमने मूत्रपिंडांना इजा होते. जपानमधील जिन्झू नदीकाठचा ‘इताई-इताई’ हा अस्थिरोग कॅडमियममुळेच उद्भवला. तीव्र आम्लाच्या संपर्कात हायड्रोजन टेल्युराइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो.

प्रयोगशाळेत हातमोजे व श्वसनमुखवटा वापरावा. सांडलेली भुकटी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून बंद डब्यात ठेवावी. फुटलेल्या पॅनेलला विद्यार्थ्यांनी हात लावू नये. त्यात वीजही असू शकते. ते जाळू नये, उकिरड्यावर टाकू नये. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश आहे. पदार्थाचे गुण ओळखून वागणे, हीच खरी दक्षता होय.