ऑक्सिजन येतो कोठून?

मुलांनो, झाडे उन्हात ऑक्सिजन सोडतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण तो येतो कोठून? झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. त्यातलाच ऑक्सिजन ते परत देत असेल, असे पूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटे. तुम्हांलाही तसेच वाटले ना?

१९४१ साली अमेरिकेत बर्कले येथे सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. त्यांनी हिरवे शेवाळ, म्हणजे तुमच्या उर्दूतली काई, ‘जड’ ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ठेवले. त्यावर उजेड पाडला. बाहेर पडलेला वायू तपासला, तर त्यात तोच जड ऑक्सिजन! म्हणजे तो पाण्यातूनच आला होता.

हे घडते कसे? पानातील हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते. त्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात. दोन रेणू फुटले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पुढे जातात आणि प्रकाशाची ऊर्जा एटीपी व एनएडीपीएच या पदार्थांत साठते. साखर नंतर, याच ऊर्जेवर तयार होते.

हायड्रिलाची फांदी पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. बुडबुडे मोजा. मग सावली करून पुन्हा मोजा.