सायकलची मूठ

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण सायकलवरून शाळेत येत असतील. सायकलच्या हँडलच्या दोन्ही टोकांना रबर बसवलेले असते. त्याला मराठीत मूठ म्हणतात. तलवारीला मूठ असते, छत्रीलाही असते. उर्दूतील ‘मुठ्ठी’ आणि मराठीतील ‘मूठ’ हे शब्द किती जवळचे आहेत, पाहा!

आपण ‘हँडल धरले’ असे म्हणतो. पण खरे तर मूठच धरलेली असते. उतारावर अचानक खड्डा आला आणि त्याच वेळी मूठ गर्रकन फिरली, तर ब्रेकवरची बोटे सुटतात. सायकल भलतीकडेच जाते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या सायकली घेऊन डोंगरातील मातीच्या वाटांवरून भरधाव खाली येऊ लागले. त्यातूनच जाड टायरची ‘माउंटन बाइक’ तयार झाली. तशा सायकली आता आपल्याकडेही दिसतात. खडबडीत वाटेवर हातांना सारखे हादरे बसतात. तिथे सैल मूठ फारच धोक्याची.

तुमच्या सायकलची मूठ घट्ट आहे का? दोन्ही हातांनी धरून ती जोराने पिळून पाहा. जरादेखील हलता कामा नये.

मूठ हँडलवर टिकते ती घर्षणामुळे. बहुतेक डोंगरी सायकलींच्या हँडलचे टोक सुमारे २२ मिलिमीटर जाडीचे असते. मुठीचे छिद्र त्याहून किंचित लहान ठेवतात. त्यामुळे रबर ताणले जाते आणि हँडलला आवळून धरते. पण पावसाचे पाणी, घाम किंवा तेल आत शिरले, की दोघांच्या मध्ये पातळ थर तयार होतो आणि पकड जाते. रबर जुने होऊन फुगले, फाटले, तरीही तेच होते. अशी मूठ बदलावीच. ती दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

नवी मूठ सहजासहजी आत सरकत नाही. मग काहीजण तेल लावतात. असे कधीही करू नका! साबणाचे पाणीही बरे नाही. ते वाळल्यासारखे दिसते, पण साबण आतच राहतो. पहिल्या पावसात मूठ पुन्हा घसरू लागते. पंक्चरचे सोल्युशन लावले तर मूठ पक्की बसते खरी. पण पुढे ती बहुधा कापूनच काढावी लागते.

सर्वांत चांगले औषधाच्या दुकानातील स्पिरिट. आधी जुनी मूठ काढा. तिच्याखाली विणकामाची बोथट सुई सरकवा, स्पिरिटचे चार थेंब सोडा आणि मूठ पिळत ओढा. मग हँडल आणि नव्या मुठीची आतली बाजू स्पिरिटच्या फडक्याने स्वच्छ पुसा. मुठीत थोडे स्पिरिट ओतून सगळीकडे फिरवा आणि एका दमात ती आत ढकला. ओले असताना मूठ सरकते. स्पिरिट उडून गेले की ती घट्ट बसते, मागे काहीच उरत नाही. रात्रभर सायकल तशीच राहू द्या. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून दूर, मोठ्यांच्या देखत करा. परदेशात काही सायकलस्वार स्पिरिटऐवजी केसांवर मारायचा फवारा वापरतात. तो वाळला की चिकट होतो.

एवढे करूनही मूठ फिरत असेल, तर तिच्यावरून बारीक तार गुंडाळून पकडीने पिळतात. तारेचे टोक रबरात दाबायला विसरू नका, नाहीतर हाताला बोचेल. काही मुठींना धातूची कडी आणि स्क्रू असतो. ॲलन पान्याने तो आवळला की काम झाले.

आणखी एक गोष्ट. हँडलच्या टोकाचे बूच हरवले असेल, तर नवे बसवा. पडल्यावर उघडी नळी पोटात घुसू शकते. बूच अगदी स्वस्त असते. सायकलच्या दुकानात मिळते.