सही करण्याआधी विचारा

उज्जैनच्या फ्रीगंजमधलं असो की इंदूरमधलं, मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर संमतीपत्र बहुधा एकाच थाटात पुढे सरकवलं जातं. शस्त्रक्रिया कोणती, भूल कोणती, या रकान्यांत काहीच लिहिलेलं नसतं. सहीच्या जागी मात्र पेनाची फुली तयार असते. नातेवाईक पैसे भरायच्या रांगेत, रुग्ण सलाईनवर. वाचणार कोण?

अशा घाईची किंमत माळव्याने पाहिली आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुग्णांना पुरेशी कल्पना न देता नव्या औषधांच्या चाचण्यांत घेतल्याचे आरोप २०१० च्या सुमारास गाजले. स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये अशा चाचण्यांची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा नियम आला. दोन वर्षांत तो सैलही झाला, हे काही बरं झालं नाही.

नेहमीच्या उपचारांसाठी २००८ चा एक निकाल ध्यानात ठेवावा. दिल्लीच्या ४४ वर्षांच्या अविवाहित महिलेने दुर्बिणीने तपासणीसाठी सही केली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजाशय काढण्यात आले. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पण रुग्ण सज्ञान होती, तिच्या जिवावर बेतलेलं नव्हतं, तेव्हा तिला शुद्धीवर येऊ द्यायला हवं होतं. आईची संमती ग्राह्य धरली गेली नाही. आपल्याकडे 'घरच्यांशी बोलतो' म्हणून रुग्णालाच बाजूला ठेवण्याची रीत आहे. तिला या निकालाने कायद्याचा आधार उरलेला नाही.

गुप्ततेचंही तसंच. वॉर्डात दहा जणांसमोर आजार विचारला, तर 'एकांतात सांगतो' म्हणण्यात उद्धटपणा नाही. एचआयव्हीची चाचणी रुग्णाच्या संमतीविना करता येत नाही आणि तिचा निकाल चव्हाट्यावर आणता येत नाही, असं २०१७ चा कायदा सांगतो.

तेव्हा वाचकहो, कोऱ्या रकान्यांखाली सही करू नका. काय करणार, धोका कोणता, दुसरा उपाय आहे का, काहीच केलं नाही तर काय होईल, हे आपल्याला कळेल अशा भाषेत विचारा. आणि आपली कागदपत्रं मागा: मागणीनंतर ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.