मोराव्याला निघालेल्या भाचीला

बाळ, तुझं ब्रनोच्या विद्यापीठाचं पत्र आल्याचं दादाने फोनवर सांगितलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. मध्ययुगातल्या स्लाव्ह लोकांच्या वस्त्या खणण्यात माझं आयुष्य गेलं. पुस्तकात मिळतं ते तू वाचशीलच. गुडघ्यांवर बसून शिकावं लागतं, तेवढं इथे लिहून ठेवते.

आधी डोळे बदलावे लागतील. आपल्याकडे जुनं गावठाण म्हणजे पांढर. राखेने, शेणामातीने पांढुरकी झालेली ती जमीन काळ्या शिवारात लांबून ओळखू येते. डेक्कन कॉलेजात असताना तू पाहिली आहेसच. चेक देशातल्या मोराव्यात नेमकं उलटं. तिथली मूळ माती लोएस, वाऱ्याने आणून टाकलेली, पिवळी आणि मऊ. माणूस जिथे राहिला, जिथे त्याने खड्डा केला, तिथे ती काळी पडते. सहाव्या-सातव्या शतकातलं घर म्हणून तुला दिसेल तो तीन-चार मीटर बाजूचा एक काळा चौकोन. अर्धं जमिनीत खोदलेलं घर असायचं ते, एका कोपऱ्यात दगडांची चूल. भिंती, छप्पर काही उरत नाही. कोपऱ्यात भाजलेले, तडकलेले दगड लागले की समज, घरात आलीस.

हा चौकोन भर दुपारच्या उन्हात दिसत नाही. सकाळी लवकर बघ, नाहीतर उन्हं कलल्यावर. माती वाळली असेल तर पाण्याचा फवारा मार, ट्रॉवेलने पातळ पापुद्रा काढ, आणि रंग ताजा आहे तोवर कडेने रेघ ओढून घे. मग चौकोनात गोल काळे डाग शोध. काही खांबांचे खड्डे असतात, काही हॅमस्टरची बिळं. लोएसमध्ये हे प्राणी खोलवर पोखरतात आणि वरच्या थरातलं खापर खालच्या थरात नेऊन ठेवतात. एका बिळामुळे घराचं वय दोनशे वर्षांनी चुकू शकतं. म्हणून बीळ आधी वेगळं रिकामं करायचं, त्यातलं सगळं वेगळ्या पिशवीत.

आता खापर. सुरुवातीचं प्राग पद्धतीचं मडकं हाताने घडवलेलं, उंचेलं, बिननक्षीचं. पुढे सावकाश फिरणाऱ्या चाकावरची मडकी येतात, त्यांच्यावर फणीने ओढलेल्या नागमोडी रेषा असतात. रोज निदान दहा खापरांचा छेद पेन्सिलीने काढ. फोटो असला तरी काढ. काठाची जाडी बोटांना कळू लागली की अंधारातही सांगशील, हे हाताचं की चाकाचं.

आणि आता सगळ्यात जपून करायचं काम: नाव देणं. मडकं सापडलं, लगेच त्याच्यावर लोकांचं नाव लिहू नकोस. आपल्या विषयाला हे फार भोवलं आहे. इव्हान बोर्कोव्हस्की यांनी 1940 साली प्रागमध्ये पुस्तक काढून ही साधी मडकी सर्वांत जुन्या स्लाव्हांची म्हणून दाखवली. नाझींच्या दबावाखाली त्यांना ते मागे घ्यावं लागलं. पोलंडमधल्या बिस्कुपिनला युझेफ कोस्त्शेव्हस्की 1934 पासून खणत होते. त्यांना तिथे स्लाव्हांचे पूर्वज दिसले. युद्धात जर्मनांनी तेच ठिकाण खणलं आणि त्यांना तिथे जर्मन दिसले. लाकडाच्या वाढीच्या वर्तुळांवरून आज कळतं की तिथले ओक इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तोडलेले आहेत. स्लाव्ह हे नाव इतिहासात लिहिलं जाण्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधी. वस्ती तीच, लाकूड तेच. वाद नावाचाच होता.

उलट उदाहरणही जवळच आहे. ब्रेत्स्लाव्हजवळ लानी इथे 2017 मध्ये बैलाच्या बरगडीचा तुकडा निघाला. 2021 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. साधारण इसवी सन 600 चं हाड, सभोवती प्राग पद्धतीची मडकी, आणि हाडावर कोरलेली अक्षरं मात्र जर्मानिक लोकांच्या रून लिपीतली. कोणी कोरली? शेजारी, पाहुणा, की त्याच घरातलं शिकणारं पोर? ‘मडकं स्लाव्ह म्हणजे माणूस स्लाव्ह’ असं धरून खणणाऱ्याला तिथे प्रश्नच पडला नसता. माझं ऐकशील तर वहीत आधी रंग, माप, थर, खोली लिही. नावाची ओळ कोरी ठेव. ती भरायला हिवाळा मोकळा असतो, तेव्हा जमीन गोठलेली असते.

लाकूड मिळालं तर ते जिवापाड सांभाळ. पूर्व जर्मनीतल्या टोर्नोव्हची गढी कित्येक वर्षं सातव्या शतकातली समजली जायची. ओकाची वर्तुळं मोजल्यावर तशा गढ्या नवव्या-दहाव्या शतकावर आल्या. पोलंडमध्ये ग्निएझ्नोच्या गढीची तारीखही लाकडानेच 940 च्या आसपास आणून ठेवली. पिढ्यांनी लिहिलेली पानं एका ओंडक्याने बदलतात.

भाषा चेकच शिक, आणि मनापासून. चेकमधून शिकलीस तर सरकारी विद्यापीठात फी लागत नाही. तुझ्या बाबांच्या डोक्यावरचा एवढा भार हलका होईल. पण खरं कारण वेगळं आहे. खणणारे मजूर, ट्रॅक्टरवाला, शेताचा मालक हे चेकच बोलतात, आणि कुठल्या वावरात नांगराला दगड लागतात ते त्यांनाच ठाऊक असतं. पाठोपाठ जर्मन वाचता येऊ दे, मग पोलिश आणि रशियन. मधाला तिकडे ‘मेद’ म्हणतात, आणि रशियातल्या नोव्हगोरोद शहराच्या नावातला ‘गोरोद’ नि आपलं ‘गृह’ भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळातले मानतात, याचा आनंद जरूर घे. त्याच्यावर प्रबंध रचू नकोस.

नोव्हगोरोदवरून आठवलं. 26 जुलै 1951 ला भूर्जाच्या सालीवरचं पहिलं पत्र तिथे पुरातत्त्वज्ञ आर्त्सिखोव्हस्की यांच्या उत्खननात निघालं. ते ओळखलं नीना अकुलोवाने. ती गरोदर होती, नोकरीच्या रजेत चार पैसे मिळवायला खणायला आलेली. मळकी, गुंडाळलेली साल फेकण्याआधी तिने नीट पाहिली. आज तशी अकराशेहून जास्त पत्रं आहेत. मजुराने हात वर केला की हातातलं सोडून जा, दहाव्यांदा बोलावलं तरी.

खापरांच्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिही, आणि दोन लिही: एक पिशवीत, एक बाहेर. माझ्या दुसऱ्या हंगामात मी शाईने लिहिल्या. रात्री पाऊस आला, सकाळी चाळीस पिशव्यांतलं काहीच कुठल्या खड्ड्याचं ते सांगता येईना. ती खापरं अजून त्या भांडारात आहेत, धड वस्तू म्हणून, आणि कोणाच्या उपयोगाची नाहीत. मला अजून त्यांचं वाईट वाटतं. नोंदींची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव. मिकुल्चित्से 1954 पासून खणलं जातंय, नवव्या शतकातल्या ‘मोठा मोराव्या’ या स्लाव्ह राज्याची राजधानीच्या तोडीची जागा. 2007 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या संशोधन केंद्राला आग लागली आणि वस्तूंबरोबर कागदही गेले. जमिनीतून काढलेलं परत जमिनीत घालता येत नाही. कागद गेला की ते दुसऱ्यांदा मरतं.

नोकरीचं सांगते. पदवीनंतर प्राध्यापकी लगेच मिळत नाही. महामार्ग, गोदाम, वसाहत होण्याआधी जे तातडीचं उत्खनन होतं, त्याचा खर्च बांधणारा करतो. बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. त्याला कमी लेखू नकोस. एका रस्त्याच्या पट्ट्यात तू जितकी घरं पाहशील तितकी विद्यापीठाच्या उत्खननात पाच वर्षांत दिसणार नाहीत. फक्त यंत्र मागे उभं असलं तरी अहवाल पुरा कर. न छापलेलं उत्खनन म्हणजे नुसता खड्डा.

गुडघ्यांखाली जाड फोम घे. गवतात गोचिड्या असतात, त्यांच्यापासून मेंदूज्वर होतो. लस मार्चच्या आत सुरू कर आणि रोज संध्याकाळी अंग तपास. साडीच्या पदराची सवय असलेल्या मला मोजे पँटच्या वर ओढायला शिकायला वेळ लागला, तू पहिल्या दिवसापासून ओढ.

पहिला आठवडा तुला खापरं धुवायलाच बसवतील. जुनी हाताची मडकी कमी भाजलेली असतात, त्यांना मऊ ब्रश वापर, भिजत ठेवू नकोस. आधी तुटलेल्या कडा धू. कडा स्वच्छ झाली की तिला जुळणारा तुकडा त्याच टोपल्यात तुझ्या समोर पडलेला असतो.