वैयक्तिक संकेतस्थळे : मालकी, प्रती आणि जतन

वैयक्तिक संकेतस्थळांचा विचार करताना ‘स्वतःचे’ आणि ‘स्वतंत्र’ हे शब्द पुष्कळदा समानार्थी मानले जातात. प्रस्तुत टिपणात त्यांतील भेद स्पष्ट करावयाचा आहे.

१९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ने सामान्य माणसाला स्वतःची पाने मांडण्यास विनामूल्य जागा दिली. पानांची विभागणी विषयवार वसाहतींत असे आणि प्रत्येकास घरासारखा क्रमांक मिळे. मजकूर, मांडणी, अभिरुची हे सारे लेखकाचे होते. जागा मात्र कंपनीची होती. १९९९ साली ‘याहू’ने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. ‘आर्काइव्ह टीम’च्या स्वयंसेवकांनी पाने उतरवून घेतली म्हणून त्यांतील बराच भाग आज उपलब्ध आहे.

मराठीच्या अभ्यासकास येथे साठोत्तरी अनियतकालिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अशोक शहाणे यांच्या ‘असो’सारखी अनियतकालिके प्रस्थापितांच्या चौकटीबाहेरच निघाली. परंतु हे साम्य अपुरे आहे. अनियतकालिक बंद पडले तरी वाचकांकडे गेलेले अंक वाचकांकडेच राहिले. संकेतस्थळाचे पान मात्र सामान्यतः मूळ यंत्रावरूनच पुनःपुन्हा मागवावे लागते. लेखकाने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले, तरी त्याचे शुल्क मुदतीगणिक भरावे लागते. त्याच्या पश्चात ते कोणी न भरल्यास पत्ताच नाहीसा होतो. म्हणजे कंपनी टाळली तरी नाश टळत नाही.

संगणक-प्रणालींच्या लहान प्रकल्पांना या अडचणीवर एक उपाय सापडला आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सिद्ध केलेल्या ‘गिट’ या साधनात प्रकल्पाची प्रत घेणाऱ्याकडे सामान्यतः त्याचा संपूर्ण पूर्वेतिहासही जातो. मूळ यंत्र बंद पडले तरी अशा एका प्रतीवरून प्रकल्प पुन्हा उभा करता येतो. पोथ्यांच्या परंपरेत नकलाकारांनी हेच कार्य केले. येथे मात्र प्रत्येक बदल कोणाच्या नावे व केव्हा झाला, याचीही नोंद राहते.

तात्पर्य, लेखनाचे स्वातंत्र्य जागेच्या मालकीइतकेच प्रतींच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणून संकेतस्थळाच्या लेखकाने प्रत करण्याची अनुज्ञा स्पष्टपणे नोंदवावी आणि विद्यापीठांच्या भाषा-विभागांनी अशा प्रती ग्रंथालयांत जतन कराव्यात. अन्यथा आपल्या काळातील वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यास पुढे लेखकांची नावे मिळतील, संहिता मिळणार नाहीत.