जुने व्हिडिओ गेम खरंच सरस होते का?

प्रश्न : लहानपणी टीव्हीला जोडून आम्ही मारिओ, कॉन्ट्रा खेळायचो. मुलाच्या आजच्या महागड्या गेममध्ये ती मजा वाटत नाही. जुनेच गेम चांगले होते का?
– एक वाचक, रोहिणखेड (जि. बुलढाणा)

उत्तर : सरसकट तसं म्हणता येणार नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जेमतेम ४० किलोबाइटचा. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा! त्यामुळे फापटपसाऱ्याला वावच नव्हता. शिवाय विकलेली कॅसेट नंतर दुरुस्त करता येत नसे. आज ‘नंतर अपडेट देऊ’ म्हणता येतं. २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ इतका सदोष निघाला, की सोनीने तो काही महिने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला.

पण जुन्यातले रद्दड गेम आपण विसरलो; लक्षात राहिले ते निवडक. आणि आजही सगळंच अवाढव्य नसतं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सच्या लहानशा चमूने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट मुलासोबत खेळून बघा. कॉन्ट्राची निम्मी मजा शेजारी बसलेल्या जोडीदाराचीच होती.